माझ्यातून गेलेल्या सोळा ओळी

माइकनं स्वतःचं काही बोलायचं नसतं. कुणीतरी तोंडाजवळ धरायचं आणि त्यानं ते पुढे पाठवायचं, एवढंच त्याचं काम. मी पंधरा वर्षं तेच केलं. आज पहिल्यांदा मी माझं बोलतोय. तुम्हाला वेळ असेल तर ऐका.

मी हातात धरायचा साधा माइक. काळी दांडी, वर लोखंडी जाळीचा गोळा, आत नखाएवढा पातळ पडदा. माणसाचा श्वास त्यावर आपटला की पडदा थरथरतो आणि ती थरथर तारेतून पुढे जाते. खरं काय, खोटं काय, हे पडद्याला कळत नाही. मला मात्र हळूहळू कळायला लागलं. माणसांची तोंडं इतक्या जवळून पाहिल्यावर कळतंच. मनात नसलेलं बोलणारा माणूस बोलण्याआधी किंचित श्वास धरून ठेवतो.

माझा पहिला मालक ब्रिस्टलचा डेलरॉय. त्याचे आईवडील जमैकातून आलेले. आठवडाभर तो विमानांचे पंख बनवणाऱ्या कारखान्यात फिटर असायचा, आणि शनिवार-रविवारी कपाटाएवढे स्पीकर व्हॅनमध्ये घालून कुठल्यातरी हॉलमध्ये नेऊन उभे करायचा. त्याच्याकडे गाणं शिकायला येणाऱ्यांना तो स्पीकरच्या तारा जोडता जोडता सांगत असे, "हे अमेरिकेतून आलं असं समजू नका. आमचीच माणसं जमैकातून न्यूयॉर्कला गेली, ब्राँक्समध्ये. तिथे सत्तरच्या दशकात घरमालक विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्या इमारती जाळत होते, पोरांना काम नव्हतं. त्यांनी रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज घेतली, दोन रेकॉर्ड प्लेयर लावले आणि नाच सुरू केला. तालावर बोलायला लागले, त्याला रॅप म्हणाले."

गँगस्टर रॅपबद्दल मात्र तो दोन मनानं बोलायचा. ते पुढचं, ऐंशीच्या दशकाच्या शेवटचं, जास्त करून लॉस एंजलिसकडचं. "सुरुवातीला ती बातमी होती," तो म्हणायचा. "आमच्या गल्लीत पोलीस दार कसं फोडतात, कोण मेलं, कुणी मारलं. टीव्हीवर कुणी सांगत नव्हतं म्हणून पोरांनी सांगितलं. मग कंपन्यांना कळलं की हे शहराबाहेरच्या मोठ्या घरांतली पोरं विकत घेतात. तेव्हापासून ज्यानं बंदूक पाहिलीसुद्धा नाही तोही बंदुकीचं गातो."

पुढे डेलरॉयला ऐकू कमी यायला लागलं. तो लेकीकडे रीडिंग गावी राहायला आला आणि त्यानं सामान विकायला काढलं. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याच्या काचेवर त्यानं लावलेली चिठ्ठी वाचून २००१च्या मार्चमध्ये एक उंच, काळासावळा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा आला. कडूबा त्याचं नाव.

कडूबा १९६६ साली मराठवाड्यातून इंग्लंडला आले होते. रीडिंगच्या बिस्किटांच्या कारखान्यात ते भट्टीवर होते, आणि कारखाना बंद झाल्यावर बस डेपोत. पण ते होते मूळचे जलशातले गायक. तरुणपणी गावोगावी फिरून ते बाबासाहेबांची गाणी म्हणत. एप्रिलमध्ये कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये जयंती व्हायची, तिच्यासाठी त्यांना स्वतःचा माइक हवा होता. "हॉलवाल्यांचा माइक खरखरतो," ते डेलरॉयला म्हणाले. डेलरॉयनं मला त्यांच्या हातात दिलं. कडूबांनी तिथेच एक ओळ म्हटली. तारही जोडली नव्हती. शब्द एकही कळला नाही तरी डेलरॉय दारात उभा राहून ताल धरत होता.

कडूबांचा आवाज मी विसरणार नाही. ते श्वास धरून ठेवत नसत. आत जे असेल ते सरळ बाहेर.

घरी मुलगा सुहास, सून नंदा आणि नात धम्मशीला. सुहास एम-फोर महामार्गाच्या कडेच्या एका मोठ्या ऑफिसात नोकरीला होता. मुलीनं नीट शिकावं, कुणी बोट दाखवावं असं काही घरात होऊ नये, हे त्याच्या डोक्यात पक्कं. धम्मशीलेला सगळे शीला म्हणत. ती इथेच जन्मलेली. पंधरा वर्षांची असताना जयंतीच्या तयारीत ती "वन टू, वन टू" करायला माझ्यापाशी आली आणि दहा मिनिटं हलली नाही. हॉल रिकामा होता. ती इंग्रजीत काहीतरी यमक जुळवून बोलत होती आणि खुर्च्या लावता लावता कडूबा ऐकत होते.

"काय गं माय, हे काय म्हणतेस?"

"रॅप आहे, आजोबा."

"ही तर आमची सवाल-जवाबाची पद्धत झाली. तुझा स्वतःचा आहे का शब्द?"

"हो, माझीच आहे."

"माझाच आहे म्हण," ते हसून म्हणाले. "ने मग घरी. एप्रिलपर्यंत हा तुझा."

मी एप्रिलनंतरही तिचाच राहिलो.

शीलाचा मित्र नकुल. त्याचे आईवडील राजीव आणि मीनल पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेले. नकुल तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. आता तो सतरा वर्षांचा होता आणि त्याचं मराठी घरातल्या जेवणाइतकंच उरलं होतं. त्याच्या खोलीत कम्प्युटर होता, म्हणून रेकॉर्डिंग तिथे. खिडकीला रजई, दाराला रजई, आणि मधे मी एका दिव्याच्या स्टँडला सेलोटेपनं बांधलेला. नकुल हूड डोक्यावर ओढून, पँट ढुंगणाखाली घसरवून माझ्यासमोर उभा राहायचा आणि तुरुंगाच्या, खुनाच्या, मेलेल्या भावाच्या गोष्टी सांगायचा. त्याला भाऊ नव्हता. मधेच दार वाजायचं. "नकुल, पोहे थंड होतायत रे!" मीनलची हाक त्या ट्रॅकवर उमटायची आणि सगळं पुन्हा करावं लागायचं.

आवाज त्याचा चांगला होता. जाड आणि खाली बसलेला. लिहिता मात्र येत नव्हतं. लिहायची शीला.

तिनं आधी स्वतःचं लिहिलं होतं. आजोबांच्या भट्टीवर, हाताला पडलेल्या फोडांवर, कारखान्यातल्या बायका त्यांना कुठल्या नावानं हाक मारायच्या त्यावर. तिनं ते स्वतःच्या आवाजात म्हटलं. मला ते फार आवडलं होतं. गावात एक चोरून चालणारं रेडिओ स्टेशन होतं, कुणाच्यातरी फ्लॅटच्या गच्चीवर एरियल लावलेलं. त्यांनी ते एकदा लावलं. कुणीही काही बोललं नाही.

"नोबडी वॉन्ट्स बिस्किट्स, शीला," नकुल म्हणाला. "गर्लच्या आवाजात तर नाहीच. तू माझ्यासाठी लिही ना. हार्ड लिही."

तिनं लिहिलं. तिला जमलं, आणि जमतंय हे कळल्यावर तिला त्यात मजा यायला लागली. वर्गात जिचं कुणी ऐकत नसे ती आता दुसऱ्याच्या घशातून बोलली की पोरं माना डोलवायची. मी तिला दोष देत नाही. मलाही ठाऊक आहे, आपल्यातून गेलेला आवाज मोठा झाला की बरं वाटतं.

२००५च्या जानेवारीत बेसिंगस्टोकच्या एका ग्रुपनं यांची खिल्ली उडवणारं गाणं केलं. त्या ग्रुपचा मुख्य गाणारा लियम, सतरा वर्षांचाच. त्यानं नकुलला 'करी आणि कम्प्युटर' म्हटलं होतं. ते गाणं फोनवरून फोनवर फिरत कॉलेजच्या कँटीनमध्ये पोचलं. तशी एकमेकांना हाणणारी गाणी करणं ही या गाण्यातली जुनी रीत. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं त्याहून झणझणीत उत्तर द्यायचं, पोरांनी ठरवायचं कोण जिंकलं. शीलानं एका संध्याकाळी बसून उत्तर लिहिलं. सोळा ओळी. अर्थ साधारण असा, की तू ट्रेननं येशील, प्लॅटफॉर्मवर उतरशील, माझी माणसं तिथे असतील, माझ्या बाहीत काय आहे ते तुला बरगडीत कळेल, आणि तुझी आई परतीचं तिकीट एकाचंच काढेल.

ते पान माझ्या डब्यात ठेवून ती नकुलकडे आली. माझा डबा म्हणजे आत फोम लावलेली काळी पेटी. तिचे सगळे कागद त्यातच असत.

पहिल्या टेकला नकुल बरगडीपाशी आला आणि हसला. दुसऱ्यालाही. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "रिब्ज आर व्हेअर, एग्झॅक्टली?" शीलानं बोटानं स्वतःच्या कुशीत दाखवलं आणि दोघंही हसत सुटले. अकरा वेळा असं झालं. प्रत्येक वेळी त्या ओळीआधी तो श्वास धरून ठेवायचा. शेवटी शीला वैतागली. "नकुल, मीन इट. असं म्हण की तुला खरंच वाटतं."

बाराव्या टेकला तो हसला नाही. तो तिनं ठेवला आणि आधीचे अकरा कम्प्युटरवरून पुसून टाकले.

शीलानं घरी आणलेल्या सीडीवर कडूबांनी ते ऐकलं. इंग्रजी त्यांना चांगलं कळायचं.

"सुरी कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणाचीच नाही, आजोबा. इट्स जस्ट द स्टाइल. सगळे असंच म्हणतात."

कडूबा म्हणाले, "आम्ही जलशात म्हणायचो ते झालेलं असायचं. पाणी बंद केलेलं असायचं, मारलेलं असायचं. न झालेलं म्हणायची मला भीती वाटते." शीलानं पेटीचं झाकण लावलं.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी स्टेशनमागच्या एका हॉलमध्ये अठरा वर्षांखालच्यांसाठी गाण्यांचा कार्यक्रम होता. तिथे हॉलचा माइक होता, म्हणून मी शीलाच्या खोलीतच राहिलो. तिला अठरा पूर्ण झाली होती, म्हणून आत घेतलं नसतं. पुढचं मी कोर्टात ऐकलं. लियम आणि त्याचे दोन मित्र ट्रेननं आले. नकुलनं त्या सोळा ओळी म्हटल्या आणि हॉल दणाणला. साडेपाच वाजता, उजेडातच, बाहेरच्या कार पार्कमध्ये ढकलाढकली झाली. नकुलच्या बाजूला टायलर नावाचा एक मुलगा होता. तो जेमतेम महिनाभर त्यांच्यात यायला लागलेला. त्याच्या बाहीत खरंच सुरी होती. ती त्यानं चालवली, आणि हॉस्पिटलला पोचण्याआधी ॲम्ब्युलन्समध्येच लियमनं प्राण सोडला. नकुल आणि टायलर एकाच दिशेनं पळाले.

नकुलला त्याच संध्याकाळी घरातून नेलं. पोलिसांनी कम्प्युटर उचलला. त्यावर त्या गाण्याची फाइल होती, फक्त बारावा टेक. 'माझी माणसं तिथे असतील.' पोलिसांनी त्याला धमकी म्हटलं नाही, बेत म्हटलं.

राजीव चार दिवसांनी शीलाच्या घरी आला. दाढी वाढलेली, ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात. माझी पेटी टीव्हीखालच्या फळीवर होती.

"शीला," तो म्हणाला, "त्यानं ते लिहिलेलं नाही, हे तुला माहितेय. मला मीनलनं सांगितलं. तू एकदा येऊन सांगशील का?"

शीला काही बोलायच्या आत सुहास म्हणाला, "राजीव, मला तुझं दुःख कळतं. पण तिला यात ओढू नकोस. तिची ॲडमिशन झालीय. एकदा नाव पोलिसांत गेलं की ते कधी निघत नाही."

"माझ्या मुलाचं गेलंय ना!"

"ती तिथे नव्हती."

राजीव गेला. तो गेल्यावर शीला बापाला म्हणाली, "पप्पा, आय रोट इट. प्रत्येक वर्ड माझी आहे."

"त्यानं म्हणायचं ठरवलं. तो लहान नव्हता."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून कडूबा बोलले. "सुहास, शब्द हिचा आहे. तोंड दुसऱ्याचं होतं म्हणून शब्द परका होत नाही."

"दादा, तुम्ही मधे पडू नका. तुमच्यामुळेच हा माइक घरात आला."

"आला खरा," कडूबा म्हणाले. त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा कापताना ऐकला. "म्हणून तर मी तिच्याबरोबर जाणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आणि नात पोलीस स्टेशनात गेले. शीलानं पेटी काउंटरवर ठेवली आणि तिच्या हस्ताक्षरातलं पान दाखवलं. खोडलेले शब्द, कडेला यमकांची यादी, वर तारीख. त्यांनी पानही घेतलं, पेटीही घेतली आणि मलाही घेतलं. मला एका जाड पारदर्शक पिशवीत घालून तोंड सीलबंद केलं आणि वर नंबर चिकटवला. त्या पिशवीत सगळा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येतो.

नोव्हेंबरमध्ये क्राउन कोर्टात खटला चालला. मी वकिलांसमोरच्या टेबलावर होतो. पहिल्या दिवशी त्या सोळा ओळी सरकारी वकिलानं वाचून दाखवल्या, अगदी सावकाश, तालाशिवाय. तालाशिवाय त्या किती भयंकर वाटतात! ज्यूरीतल्या एका बाईनं डोळे मिटून घेतले. मग त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. नकुल समोरच्या काचेमागे सूट घालून बसला होता आणि माझ्यातून गेलेला त्याचा आवाज खोलीभर फिरत होता. जाड, थंड, न हसणारा.

शीलाला साक्षीला बोलावलं. ती उभी राहिली आणि तिनं खरं सांगितलं. की ओळी तिच्या आहेत. की तो अकरा वेळा हसला होता.

"ते अकरा टेक कुठे आहेत?" सरकारी वकिलानं विचारलं.

"मी डिलीट केले."

"का?"

"कारण ते विश्वास बसण्यासारखे नव्हते."

"आणि तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

न्यायाधीशांनी उत्तर द्यायला सांगितलं.

"मीन इट, असं सांगितलं," ती म्हणाली.

त्या टेबलावर पडल्या पडल्या मला जेवढं ओरडावंसं वाटलं तेवढं आयुष्यात कधी वाटलं नाही. ते अकराही टेक माझ्या पडद्यावरून गेले होते. ते हसू जगात फक्त आम्हा तिघांना माहीत होतं, आणि आमच्यातला एक आरोपी, एक साक्षीदार आणि एक पिशवीत. पण माइकमध्ये काही साठत नाही. जे आलं ते गेलं.

टायलरला खुनाची शिक्षा झाली. नकुलला खुनाची नाही, सदोष मनुष्यवधाची. सात वर्षं. त्याच्या वकिलांनी राजीवला सांगितलं की शीलाच्या साक्षीचा उपयोग झाला. सरकारी वकीलही तेच म्हणाले असते, वेगळ्या अर्थानं. शीलाला ते आजही ठरवता आलेलं नाही.

शिक्षा सुनावण्याआधी लियमच्या आईचं, कॅरनचं, पत्र वाचलं गेलं. ती स्वतः मागच्या बाकावर कोट मांडीवर घेऊन बसली होती. तिनं लिहिलं होतं, 'माझा मुलगा माझ्या कपड्यांच्या कपाटात शिरून गाणी रेकॉर्ड करायचा, कारण माझ्या कोटांमध्ये आवाज घुमत नाही. तोही त्या गाण्यांत माणसं मारायचा. त्याला रक्ताच्या तपासणीला नेलं की चक्कर यायची. आता मी कपाट उघडू शकत नाही.'

म्हणजे तिथेही माझ्यासारखा एकजण होता, कोटांच्या बाह्यांमध्ये.

मग मी गोदामात गेलो. तीन वर्षं. अपील झालं, फेटाळलं गेलं. त्या वर्षांत बाहेर काय झालं ते मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं. शॉपिंग सेंटरांनी हूड घालून येणाऱ्या पोरांना बंदी केली. कॉलेजनं सगळे गाण्यांचे कार्यक्रम बंद केले. शीलाची युनिव्हर्सिटी एक वर्ष लांबली, पण सुरू झाली. २००७च्या डिसेंबरात कडूबा गेले. त्यांच्या अंत्यविधीला त्रिशरण म्हटलं ते हॉलच्या खरखरणाऱ्या माइकवर. मी नव्हतो, आणि ते मला फार लागलंय.

२००८च्या उन्हाळ्यात मला परत दिलं. शीलानं सही केली आणि पिशवीसकट घरी आणलं. पिशवी उघडली नाही. शिक्षण संपवून आता ती बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये नोकरी करते. रोज सकाळी ती ट्रेननं जाते आणि रोज लियमच्या गावच्या प्लॅटफॉर्मवर उतरते. लिहीत काही नाही.

गेल्या महिन्यात नकुल आला. अर्धी शिक्षा भोगून सुटलाय, बाकीची देखरेखीखाली. मीनल त्याला घेऊन आली होती. तो फार हळू बोलतो आता. नंदानं चहा दिला, त्यानं कप दोन्ही हातांनी धरला.

"माइक आहे अजून?" त्यानं विचारलं.

शीलानं कपाटावरून मला काढून टेबलावर ठेवलं. दोघं पिशवीकडे बघत बसले.

"ह्याच्यातून माझा आवाज गेली होती," नकुल म्हणाला. कुणी त्याची चूक सुधारली नाही.

मग त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. तुरुंगात त्यानं स्वतः, आयुष्यात पहिल्यांदा, एक रॅप लिहिला होता. लियमवर. माफी मागणारा. आणि देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशनच्या माणसांमार्फत तो कॅरनला पाठवला होता, की तुमची परवानगी असेल तर मी हा रेकॉर्ड करीन.

"खूप चांगला आहे, शीला," मीनल म्हणाली. "वाचलास तर रडशील."

"तिनं उत्तर पाठवलं?" शीलानं विचारलं.

नकुलनं दुसरा कागद तिच्यासमोर ठेवला. शीलानं तो मोठ्यानं वाचला. एकच ओळ होती.

'माझ्या मुलाचं गाणं करू नका.'

मीनल काही बोलायला गेली, पण शीलानं तिचा हात धरला. तिनं नकुलचा रॅप वाचलाच नाही. घडी तशीच त्याच्याकडे परत दिली. त्यानंही ती खिशात घातली आणि मान हलवली. चहा गार झाला होता. जाताना त्यानं पिशवीवरून एकदा बोट फिरवलं.

मी पुन्हा कपाटावर आहे. जाळीवर गंज येतोय, मला तो जाणवतो. मला वापरा असं मी म्हणणार नाही. माझी विनंती वेगळीच आहे. मी हे तुम्हाला साध्या बोलण्यात सांगितलं, ताल न धरता, यमक न जुळवता. तुमच्यापैकी कुणाचा आवाज चांगला असेल, कुणाला लिहिता येत असेल. ऐकलंत तेवढं पुरे. त्या बाईनं नको म्हटलंय.